सोळावं रीळ

इंदापूर. मार्चचा दुसरा रविवार, १९५६.

आज सकाळी बारामतीला कऱ्हेच्या घाटावर हजर: तुमचे धाकटे भाऊ विष्णू. मशीन चालवणारे इस्माईलभाई. भोंग्यावरून जाहिरात करणारा गोविंदा, आज पहिल्यांदाच गप्प. तंबू उभारणारे चौघे. पेठेतले बारा-तेरा व्यापारी. तंबूच्या दारात भजी तळणाऱ्या काशीबाई, लांब बाभळीखाली उभ्या. सुप्याहून आलेले दोघे, त्यांची नावं विचारायची राहिली. आणि मी.

गैरहजर: नामदेवआबा. त्यांना माणूस पाठवून कळवलं होतं.

तात्या, तुमचा दहावा वेळेवर झाला. साडेनऊ सांगितले होते, साडेनऊला सुरू झाला. तुमच्या टुरिंग टॉकीजचा एकही खेळ वेळेवर सुरू झालेला मी आठ वर्षांत पाहिला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कावळाही लगेच शिवला. विष्णू डोळे पुसत म्हणाला, "तात्याचं काय बी मागं राह्यलं न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. तुमचं एक काम मागे राहिलं आहे, हे त्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं. ते कामही खरं तर तुमचं नाही, माझं आहे. तुम्ही फक्त सोबत येणार होता.

माणूस गेल्यावर त्याचं सगळंच बरोबर होतं असं लिहायची रीत आहे. मी ती पाळणार नाही. आपली आठ वर्षांची ओळख भांडणावर टिकली. आता एका बाजूने भांडण सोडून दिलं तर ओळखीतलं काय उरेल?

पहिलं भांडण तुमच्या ऑइल इंजिनाचं. शाळेच्या भिंतीला लागून जे पटांगण आहे तिथे तुम्ही तंबू ठोकला आणि दुपारी इंजिन चालवून बघायला लागलात. चौथीच्या वर्गात पाढे चालले होते. मी बाहेर येऊन म्हटलं, "इंजिन बंद करा, मुलांना ऐकू येत नाही." तुम्ही डोक्यावरची टोपी मागे सारून म्हणालात, "मास्तर, तुमचं बी इंजिनच हाय की. माजं तेलावर चालतं, तुमचं छडीवर." आणि तरीही बंद केलंत. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तुमचं इंजिन वाजलं नाही. हे मी तुमच्या जमेच्या बाजूला धरतो.

दुसरं म्हणजे ताडपत्री. ज्या वर्षी वळवाच्या वादळात शाळेचे पत्रे उडाले, त्या वर्षी मी लोकल बोर्डाला तीन अर्ज केले आणि तुम्हाला एकही केला नाही. तुम्ही आपण होऊन बारामतीहून ट्रकमध्ये तंबूचं कापड टाकून आणलंत. पाचवी, सहावी आणि सातवी पावसाळाभर तुमच्या तंबूखाली बसली. कापडाला विडीचा आणि भज्यांचा वास येत होता, त्यामुळे अकरा वाजताच मुलांना भूक लागायची. आभाराचं पत्र मी लिहिलं होतं. बोर्डाची मंजुरी आल्याशिवाय ते पाठवता येईना, म्हणून ते माझ्याकडेच राहिलं. तेव्हा आज आभार मानतो. मंजुरी अजून आलेली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

या दिवाळीनंतर तुम्ही तो दरोडेखोराचा सिनेमा आणलात. त्या नटाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे आणि इंदापुरातल्या प्रत्येक भिंतीलाही ठाऊक आहे, कारण माझ्या मुलांनी ते कोळशाने लिहून ठेवलं आहे. गळ्यात लाल रुमाल, कपाळावर एक बट, आणि दरोडा घालण्यापूर्वी दोन शिट्ट्या. श्रीमंतांचं लुटायचं आणि गरिबांना वाटायचं. आठवडाभरात माझ्या शाळेत सतरा लाल रुमाल आले. काही आईच्या लुगड्याचे फाडलेले होते. प्रार्थनेत "तथास्तु" म्हणायच्या जागी मागच्या रांगेतून दोन शिट्ट्या यायला लागल्या. मळ्यातले पेरू नाहीसे होऊ लागले आणि देवळाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात सापडू लागले. गुऱ्हाळातली ढेप गेली. मी यादी करून तुमच्या तंबूत आलो आणि ती वाचून दाखवली.

तुम्ही शेवटपर्यंत नीट ऐकलंत आणि विचारलंत, "वाटली न्हवं समदी?"

"वाटली म्हणजे? चोरी ती चोरी."

"तसं न्हाय म्हनत मी. खाल्ली न्हाय, वाटली. माज्या लहानपनी आमी पेरू चोरायचो तवा निस्ते खायचो. पोरं सुधारली, मास्तर."

मी तुम्हाला म्हणालो होतो की मुलांपुढे कोण उभा राहतो याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. माझ्या वर्गात भिंतीवर थोर पुरुषांचे नऊ फोटो आहेत, दर शनिवारी पुसतो. तुम्ही म्हणालात, "हार बी घालता. पन फोटू घोड्यावर बसून येत न्हाय. पोरास्नी चालता-बोलता मानूस लागतो." मी म्हणालो, फोटोतली माणसं खरी होती, हा तर पगार घेऊन घोड्यावर बसतो. तुम्ही विडी विझवत म्हणालात, "तुमी बी पगार घिऊनच शिकीवता की."

त्यावर मला उत्तर आता सुचलं आहे. मी पगार घेतो, पण मुलांना माझ्यासारखं व्हायला सांगत नाही. पहा, दिलं उत्तर. तुम्ही यावर काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

त्या आठवड्यात मी सातवीला निबंधाऐवजी पत्र लिहायला दिलं: तुम्हाला आदर्श वाटणाऱ्या व्यक्तीस पत्र. भिंतीवर नऊ जण होते, मुलांना निवड करायला काही अडचण नव्हती. एकतीस मुलं आणि एक मुलगी. बावीस पत्रं त्या नटाला. त्यांतलं एक शेवंताचं, म्हणजे आमच्या सातवीतल्या त्या एकट्या मुलीचं, नामदेवआबांच्या लेकीचं. आबा पाटाच्या पाण्यावर वांगी-कांदा करतात. चार पोरी, आणि शिकली ती ही एकच. सातवीची फायनल पास झाली तर ती शिक्षिका होऊ शकते, हे मी स्वतः तिसरीपासून आबांच्या मागे लागून त्यांच्या गळी उतरवलं होतं. तिने लिहिलं होतं: "तुम्ही एकदा इंदापूरला या. येथे वाटण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कपाटात आहे."

मी अक्षराला पूर्ण गुण दिले आणि विषयाला शून्य. तेवढ्यावर समाधान मानून मी वही बंद केली. ते वाक्य मी दुसऱ्यांदा वाचायला हवं होतं.

वर्गात मी त्यांना असंही सांगितलं की मुंबईची माणसं म्हणतात, त्या नटाला घोड्यावर बसताच येत नाही. उड्या मारतो तो दुसराच कुणी असतो, त्याचं तोंड दाखवत नाहीत. मला वाटलं, आता रुमाल उतरतील. शेवंता उभी राहून म्हणाली, "गुर्जी, मग त्यो दुसरा तर आजूनच भारी. कष्ट करून नाव बी सांगत न्हाय." वर्ग टाळ्या वाजवायला लागला. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ येऊन इस्माईलभाईंना पाणी आणावं लागलं.

पुढचं तुम्हाला गोविंदाकडून कळलं. माझ्याकडून ऐकायचं राहिलं, म्हणून सांगतो.

शाळेच्या कपाटात बारा पाट्या होत्या. लाकडी चौकटीवर शाळेचा शिक्का, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद. तीन वर्षं त्या वापरल्या नव्हत्या, कारण तपासणीला साहेब आले की पूर्ण संख्या दाखवावी लागते आणि मुलांच्या हातात पाटी दिली की ती फुटते. जानेवारीच्या एका सोमवारी कपाट उघडलं तर बाराही नव्हत्या. कुलूप जागच्या जागी लावलेलं. मी चावडीत जाऊन पोलीस पाटलांकडे लेखी वर्दी दिली. मंगळवारी दुपारी पाटलांचं बोलावणं आलं. ऊसतोडणीची जी टोळी फडावर कोप्या घालून उतरली होती, तिथल्या पोरांच्या हातात शिक्क्याच्या पाट्या सापडल्या होत्या. पाटलांनी एका तोडकऱ्याला आणून उभं केलं होतं. त्याच्या काखेत दोन पाट्या. तो एकच सांगत होता, "पोरांकडं हुत्या. कुनी दिल्या ठावं न्हाय, मालक." पाटलांनी काठी उचलली. चावडीत त्या वेळी मी आणि तो तोडकरी सोडून पाच माणसं होती: पाटील, तलाठी, दोघे पंच आणि नामदेवआबा. आबा पाटाच्या पाळीचं विचारायला आले होते.

शेवंता बापाला भाकरी घेऊन आली होती. तिने दारातूनच पाहिलं. फडकं खाली ठेवलं आणि आत आली. तात्या, तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, कारण माझ्या कानात ते तसेच आहेत.

"गुर्जी, त्यास्नी सोडा. पाट्या म्या काढल्या. किल्ली तुमच्या टेबलाच्या खनात असती. बारा दिल्यात, बाराच्या बारा पोरांस्नी. मोजून घ्या."

पाटलांची काठी खाली आली. तोडकरी सुटला. आणि मी काय केलं? मी तिच्या बापाकडे वळून म्हणालो, "आबा, तुमची मुलगी चोर आहे. हे मी पाच माणसांत सांगतो, म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

आबांनी फडकं उचललं. भाकरी न खाताच उठले. दुसऱ्या दिवसापासून शेवंता शाळेत आली नाही. मी शिस्तीच्या वहीत नोंद केली. माझ्या त्या वहीत चार रकाने आहेत: चोरी, खोटे बोलणे, मारामारी, विनापरवानगी गैरहजेरी. पहिल्यात आणि चौथ्यात तिचं नाव लिहिलं. फायनलच्या फॉर्मवर मुख्याध्यापकाने वर्तणुकीबद्दल सही करायची असते, ती केली नाही.

मग मी ठरवलं की हा सिनेमा आपण स्वतः पाहायचा. तुम्ही मला खुर्ची दिलीत, चहा दिलात, आणि पोरांना ओरडून सांगितलंत, "हेडमास्तर आल्यात, शिट्ट्या जपून मारा!" सुरुवातीला पडद्यावर सरकारी दाखला येतो, तो सहसा कुणी वाचत नाही. मी वाचला. त्यावर रिळांची संख्या होती: सोळा. तुमचं मशीन एकच, म्हणून दर रिळाला खेळ थांबतो, दिवा लागतो, पोरं कालवा करतात, आणि इस्माईलभाई दुसरं रीळ चढवतात. मी दर थांब्याला वहीत एक रेघ ओढली. सोळा रिळांना पंधरा थांबे हवेत. चौदा झाले. नायक घोड्यावरून ओढा ओलांडून पसार झाला, खेळ संपल्यावर दाखवतात ती 'नमस्कार' लिहिलेली काच पडद्यावर आली आणि पोरं शिट्ट्या मारत घरी गेली.

मी तुमच्यासमोर वही ठेवली. "एक रीळ कुठे आहे?"

तुम्ही वहीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "मास्तर, आट वर्सांत एक बी गिऱ्हाईक रेघा ओढत बसलं न्हाय."

"कुठे आहे?"

"बारामतीला. गुदामात. हरवलं न्हाय, मीच ठिवतो तितं."

आणि मग तुम्ही मला सुप्याची गोष्ट सांगितलीत. पहिला खेळ सुप्याला लावला तेव्हा सोळाही रिळं दाखवली. शेवटच्या रिळात त्याला फाशी होते. खेळ संपला तरी पुढची पोरं उठेनात. एक सहा-सात वर्षांचं पोर तर उठून पडद्याच्या मागे गेलं, त्याला कुठे नेलं ते बघायला. मागे इंजिन आणि अंधार. ते तिथेच बसून राहिलं, घरी यायला तयार होईना. "त्या दिसापास्नं सोळावं लावत न्हाय," तुम्ही म्हणालात. "पंधरा रिळांत पोरं खुशीत घरी जात्यात. दुसऱ्या दिशी फिरून येत्यात."

मी म्हणालो, "म्हणजे धंदा करता आणि त्याला दया म्हणता."

"दोन्ही हाय. एकाच हातानं होतंय तर काय बिघडलं?"

मी तिथेच तुम्हाला बजावलं, आणि आजही बजावतो, की तुम्ही फार मोठी चूक करत होता. मुलांपुढे नायक उभा करायचा आणि त्याच्या करणीचं फळ लपवायचं, ही फसवणूक आहे. त्यातून पुढे नुसती मखलाशी. पोरं विचारायची, "तात्या, फुडं त्याचं काय झालं?" तुम्ही सांगायचात, "डाळजजवळ रान घेतलंय, कांदा लावतो." माझ्या चौथीतली दोन मुलं एस.टी. स्टँडवर डाळजचं तिकीट मागत उभी सापडली. कंडक्टरने कान धरून शाळेत आणून सोडली. आणि शेवंताचं जे झालं ते याच पंधरा रिळांमुळे झालं, हे मी टेबलावर हात आपटून म्हणालो. तिने सोळावं पाहिलं असतं तर कपाटाला हात लावला नसता.

तुम्ही वही मिटून माझ्याकडे सरकवलीत. मग म्हणालात, "गुरवारी बारामतीला या. दुपारी. दावतो तुमाला."

मी आलो. कांद्याच्या गुदामाची दारं लावून, फटींना पोती लावून तुम्ही अंधार केलात. चुना लावलेल्या भिंतीवर इस्माईलभाईंनी चित्र पाडलं. बघणारा मी एकटा, कांद्याच्या पोत्यावर. तुम्ही मशीनकडे तोंड करून, भिंतीकडे पाठ करून उभे राहिलात. दहा मिनिटांत एकदाही वळला नाहीत.

मला वाटलं होतं, शेवटच्या रिळात पोलीस त्याला पकडतात. तसं नाही. तो सुटलेलाच असतो. त्याला वाटेत कळतं की त्याने घातलेल्या दरोड्यासाठी एका गाडीवानाला धरलं आहे. तो घोडा सोडून देतो, पायी परत येतो, भरल्या कचेरीत शिरतो, गळ्यातला रुमाल काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो की याला सोडा, हे मी केलं. पुढची फाशी दाखवतही नाहीत. मोकळा घोडा दिसतो आणि भिंत पांढरी होते.

दारं उघडली तेव्हा तुम्ही विचारलंत, "आता बोला. पोरास्नी दावू का हे?"

"दाखवायलाच हवं."

"का? चोरी केली की फाशी, म्हनून?"

मी म्हणालो, "हो."

तात्या, ते खरं नव्हतं. आठ वर्षांत तुमच्याशी मी बोललेलं ते एकमेव खोटं. भिंतीवर मी शेवंताला पाहिलं होतं. तीच चावडी, तोच भलताच धरलेला माणूस, तेच "याला सोडा." तिला ते कुणी दाखवलं नव्हतं. तुम्ही सोळावं रीळ गुदामात ठेवलंत, मी भिंतीवर नऊ फोटो लावले, आणि आपल्या दोघांच्याही मदतीशिवाय त्या पोरीने शेवट स्वतः करून दाखवला. पहिली पंधरा रिळं तिने त्या नटाकडून घेतली असतील, तो दोष मी तुमच्या आणि त्याच्या पदरातून काढणार नाही. शेवटचं तिचं स्वतःचं होतं. ती ते करत होती तेव्हा मी समोर खुर्चीवर बसलो होतो आणि पाट्या मोजत होतो. माझ्या वहीत चार रकाने आहेत. आपण होऊन पुढे येऊन कबूल करणं याला रकाना नाही. वीस वर्षं ती वही मीच आखतो.

तुम्हाला हे सगळं आधीच कळलं होतं. गोविंदाने चावडीची हकिकत सांगितली तेव्हाच कळलं असणार. म्हणून तर मला बोलावलंत. तरी तुम्ही "बगितलं का मास्तर?" असं म्हणाला नाहीत. चहा मागवलात, दोन खारी बिस्किटं पुढे केलीत आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्यात. एस.टी. सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणालात, "आबाकडं जायचं आसंल तर मी येतो संगं. माज्या तंबूला वांगी त्याचीच येत्यात, माजं ऐकंल." तुम्ही आठ वर्षं माझी चेष्टा केलीत, आणि जेव्हा मी खरोखर चेष्टेला पात्र झालो तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. हे मी कुठल्या बाजूला धरू, ते अजून ठरलेलं नाही. फार मोठं आहे, एवढं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. वर्तणूक: चांगली. सही, शिक्का. पालकाच्या सहीसाठी शिपायाबरोबर आबांकडे पाठवला. शिपाई तो तसाच परत घेऊन आला. आबांचा निरोप त्याने अडखळत सांगितला: "गुर्जींनी पाच मान्सांत पोरगी चोर ठरीवली. आता घरात बसून चांगली म्हंत्यात व्हय? कागूद काय करायचाय मला? सोयरिकीला लोकं कागूद बगत न्हाईत, चावडीत काय झालं त्ये इचारत्यात."

आबांचं बरोबर आहे. मी तुम्हाला पत्र टाकलं: सही घरात मिळणार नाही. जिथे म्हणालो तिथेच, त्याच पाच जणांसमोर जाऊन म्हणायला हवं की चूक माझी होती. तुमचं उत्तर कार्डावर आलं, तुमच्याच अक्षरात: "या रविवारी चावडी. मी कोपऱ्यात बसतो. तुमी बोला. आडलात तर खोकतो." रविवार आला तेव्हा तुम्ही जाऊन तीन दिवस झाले होते.

सिनेमाची पेटी मुंबईला परत गेली. आज इस्माईलभाईंनी सांगितलं, सोळाही रिळं मोजून दिली. इंदापूरच्या मुलांना तो शेवट आता दिसणार नाही. काल दुसरीतल्या एकाने मला धरून विचारलं, "गुर्जी, त्यो डाळजलाच हाय ना?" मी त्याला वर्गात जायला सांगितलं. तुमची डाळजची थाप मी मोडली नाही. लहान वर्गांपुरती ती चालू ठेवायला माझी हरकत नाही. सातवीला मात्र खरं सांगणार, आणि ते कसं सांगायचं याबद्दल तुमचा सल्ला घेणार नाही, कारण तुम्ही त्यात घोडा घुसवाल.

तुमच्या पश्चात करायच्या कामांची यादी मी एस.टी.त बसून केली. काशीबाईंना बाजारात भज्यांसाठी जागा मिळावी म्हणून अर्ज: लिहिला, तुमचे भाऊ सही करतील. तंबूचं कापड पावसाळ्यापूर्वी वाळवून घडी घालणं: सातवीची मुलं पुढच्या शनिवारी जातील, विष्णूला सांगितलं. शिस्तीच्या वहीत पाचवा रकाना: आखला, बसच्या धक्क्यांनी रेघ वाकडी आली आहे, पण चालेल. बारा पाट्या: फडावरच्या पोरांकडेच राहू दिल्या, रजिस्टरात दर वर्षीप्रमाणे "वापरात" अशी नोंद केली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती नोंद खरी आहे.

फॉर्म बुधवारपर्यंत पुण्याला पोहोचायला हवा. म्हणजे टपालात उद्या पडायला हवा. चार वाजता गाडी इंदापुरात आली. बाजाराचा दिवस, चावडीची दारं उघडी. उतरताना मी आत पाहिलं. पाटील होते, तलाठी होते, दोघे पंच होते, आणि खांबाला टेकून नामदेवआबा. पाचही जण. मी मोजले. कोपऱ्यात खोकणारं कुणी नव्हतं. फॉर्म माझ्या पिशवीत होता.

मी सरळ घरी आलो आणि तुम्हाला हे लिहायला बसलो.

आता साडेपाच झाले आहेत. चावडी सहा वाजता बंद होते. पालकाच्या सहीची जागा अजून कोरी आहे.